शिवकल्याण राजा : तबकडीवरचा काव्यसंग्रह

शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षे झाली त्या १९७४ साली हृदयनाथ मंगेशकरांनी संगीतबद्ध केलेली ‘शिवकल्याण राजा’ ही ध्वनिमुद्रिका आली. आम्ही तिला काव्यसंग्रहच मानतो. सतराव्या शतकातले रामदास आणि भूषण, विसाव्यातले सावरकर आणि कुसुमाग्रज लता मंगेशकरांच्या स्वरात शेजारी येतात. (ब्रज न जाणणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनाही भूषण पाठ असतो, तो इथूनच!) मात्र स्वर एक झाला की काळही एकच भासू लागतो. डोळ्यांसमोरच्या राजाची भूषणाने केलेली स्तुती आणि १६७४च्या नेसरीच्या रणाकडे अडीचशेहून अधिक वर्षांनी वळून पाहणारी कुसुमाग्रजांची कविता, यांतले अंतर चालीखाली झाकले जाते. म्हणून वर्गात आम्ही गाणे मध्येच थांबवतो आणि कविता नुसती वाचतो. विद्यार्थी नाराज होतात.