परवान्याची मुदत

भिलाईचे नाव उच्चारले की डोळ्यांपुढे धगधगत्या भट्ट्या उभ्या राहतात. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. या पोलादनगरीत घरोघरी दिवे लावणाऱ्या तारतंत्र्याची आठवण मात्र इतिहास क्वचितच ठेवतो. आज त्याच्या खिशातील परवान्याविषयी दोन शब्द बोलावयाचे आहेत.

भारतीय वीज नियम, १९५६ यांतील ४५व्या नियमाने तीन पायऱ्या घालून दिल्या. काम घेणारा कंत्राटदार परवानाधारक हवा, देखरेख करणाऱ्याजवळ पात्रतेचे प्रमाणपत्र हवे आणि प्रत्यक्ष तार जोडणाऱ्याजवळ अनुमतिपत्र हवे. दिवा, पंखा वा फ्यूज बदलण्यास यांपैकी काहीच लागत नसे. परंतु जोडणीची क्षमता वा स्वरूप पालटावयाचे झाल्यास नियमाचे बंधन आले. नियम मोडून केलेल्या कामात वीजप्रवाह सोडू नये, असाही दंडक होता. दंडाच्या रकमेपेक्षा हा अंधाराचा धाकच अधिक परिणामकारक म्हणावा लागेल.

हे कागद राज्य शासनाने दिलेले किंवा मान्य केलेले असावे लागत. गंमत अशी, की त्याच वर्षी राज्यांच्या सीमाच पालटल्या. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूर राजधानीतून चाले. दुसऱ्या दिवशी दुर्गची राजधानी भोपाळ झाली आणि नागपूर मुंबई राज्यात गेले. यापुढे मुंबई राज्याचा परवाना घेऊन भिलाईस जाणाऱ्यास तेथील शासनाची मान्यता आवश्यक झाली. हात तोच, हत्यारे तीच. परके झाले ते केवळ शिक्क्याचे राज्य!

मग नूतनीकरणाचे शुल्क कशासाठी? १९५४ साली शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कर व शुल्क यांतील भेद सांगितला. कर सर्वसामान्य खजिन्यासाठी असतो, शुल्क एखाद्या विशिष्ट सेवेसाठी. पुढील निकालांनी हा भेद काहीसा सैल केला, तरी त्यातील नैतिक प्रश्न उरतोच. तारतंत्र्याकडून मुदतीगणिक पैसे घ्यावयाचे, तर त्याच्या कौशल्याची विचारपूस आणि बदललेल्या नियमांची ओळख त्यास करून देणे, हे शासनाचे ऋण नव्हे काय?

१ नोव्हेंबर २००० रोजी भिलाई छत्तीसगडात गेली. १९१०चा वीज कायदा २००३च्या कायद्याने मागे पडला, आणि २०१०च्या केंद्रीय विनियमांनी त्या तीन पायऱ्या पुन्हा घालून दिल्या. राज्ये पालटली, कायदे पालटले. पण चुकीच्या जोडाला क्षमा नाही, हे सत्य पालटले नाही. म्हणून नूतनीकरण केवळ पावतीचे होऊ नये, ते ज्ञानाचेही व्हावे. ज्याच्या भरवशावर आपण निःशंकपणे बटण दाबतो, त्याच्यासाठी आणि आपल्यासाठीही.