एका मुक्या दुखण्याचा इतिहास

माझी एक आत्या होती. गुहागरकडच्या एका वाडीत तिचे सारे आयुष्य गेले. पाच बाळंतपणे झाली, सगळी घरीच, सुईणीच्या हातची. पन्नाशीनंतर तिने एस. टी.चा प्रवास जवळजवळ सोडला. कीर्तनाला गेली तर अगदी दाराशी बसायची. शिमग्यात सोंगे आली आणि सारे अंगण हसायला लागले की ही उठून माजघरात जायची. आम्हा मुलांना वाटे, आत्या तुसडी आहे. ती वारल्यावर पुष्कळ वर्षांनी आईने एका वाक्यात उलगडा केला. म्हणाली, "तिला हसलं की लघवी सुटायची रे."

इतिहास शिकवणाऱ्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे कुणाला वाटेल. मलाही तो घेताना संकोच वाटला. पण बायकांच्या एवढ्या मोठ्या समुदायाने निमूटपणे सोसलेली गोष्ट इतिहासात बसत नसेल, तर मग इतिहासात बसते तरी काय?

पहिली अडचण शब्दाची. गर्भाशय खाली सरकले तर 'अंग बाहेर येणे' हा शब्द बायकांजवळ आहे. पण खोकताना, शिंकताना, हंडा उचलताना लघवी सुटते, या तक्रारीला घरगुती मराठीत धड नाव नाही. ज्याला नाव नाही ते वैद्याला सांगायचे कसे? शिवाय, "बाळंतपणं झाली, वय झालं, व्हायचंच" असे सासूने सुनेला सांगितलेले.

तेव्हा आधी शरीराची रचना थोडक्यात सांगतो. कमरेच्या हाडांचा जो सांगाडा आहे त्याला खाली हाडाचा तळ नाही. पुढच्या जांघेच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी बांधलेली आहे, तोच तळ. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना तिचा आधार असतो. बाईची मूत्रनळी जेमतेम दीड इंचाची. खोकला आला की पोटातला दाब मूत्राशयावर पडतो. त्या क्षणी झोळी ताठ असेल तर नळी तिच्यावर दाबली जाऊन मिटते. झोळी सैल असेल तर नळी मिटत नाही आणि कपडा ओला होतो. बाळंतपणात ही झोळी कमालीची ताणली जाते, कधी फाटतेही. पुढे जुनाट खोकला, बद्धकोष्ठ आणि जड ओझी तिला आणखी खाली ओढतात. आता आपल्या कोकणातली बाई डोळ्यांसमोर आणा. विहीर उताराच्या तळाशी, घर वर. भरलेला हंडा डोक्यावर, कळशी कमरेवर. पावसाळ्यात दिवसभर वाकून लावणी, उन्हाळ्यात रानातून लाकडांचे भारे. यात सव्वा महिन्याची विश्रांती मिळाली तर नशीब.

दुसरा प्रकार घाईचा. लघवीची भावना झाली की दाराशी पोहोचेपर्यंतही धीर धरवत नाही. दोन्ही प्रकार एकाच बाईत नांदू शकतात. यावर आपल्या बायकांनी शोधलेला उपाय म्हणजे पाणीच न पिणे. त्याने लघवी दाट होते, जळजळ वाढते आणि घाईही वाढते. चरकाने तेरा नैसर्गिक वेग सांगून ते दाबू नयेत म्हणून एक अध्यायच लिहिला आहे, 'न वेगान्धारणीय' हे त्याचे नाव. पण परवापरवापर्यंत ज्या बाईला आडोशासाठी काळोख पडायची वाट पाहावी लागे, तिच्यापर्यंत चरक पोहोचला नव्हता.

आमच्याकडे हे सगळे आधीपासून होतेच, असे म्हणणारी मंडळी इथे मूलबंधाची आठवण काढतील. स्वात्मारामाच्या 'हठप्रदीपिके'त मूलबंध आहे हे खरे. तळाचे स्नायू वर ओढून घेण्याचीच ती क्रिया. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढले आणि योगक्रिया क्ष-किरणांपुढे आणि दाबमापकापुढे आणून तपासायला सुरुवात केली, हेही मोठे काम. परंतु हठयोग्याचे लक्ष कुंडलिनीकडे होते. पाच बाळंतपणे झालेल्या बाईच्या मूत्राशयासाठी तो ग्रंथ लिहिलेला नाही. क्रिया माहीत असणे निराळे आणि ती कुणाच्या कोणत्या दुखण्यावर कामी येईल हे समजणे निराळे. इतिहासात हा फरक विसरला की अभिमान फार स्वस्त होतो.

पाश्चात्त्यांनी तरी काय केले? त्यांचे लक्ष आधी शस्त्राकडे गेले. अडलेल्या बाळंतपणात मूत्राशयाला भोक पडते आणि लघवी अखंड गळत राहते. हे दुखणे माझ्या आत्याच्या दुखण्याहून वेगळे आणि फार भयंकर. अमेरिकेत अलाबामामध्ये मॅरियन सिम्स नावाच्या शल्यवैद्याने १८४५ ते १८४९ या काळात ते भोक शिवण्याची रीत बसवली आणि १८५२ साली प्रसिद्ध केली. त्याने ती बसवली गुलाम स्त्रियांच्या देहावर, भूल न देता. त्यांतल्या तिघींची नावे टिकली आहेत : अनार्का, बेट्सी आणि ल्यूसी. एकट्या अनार्कावर तीसच्या आसपास शस्त्रक्रिया झाल्या. पुतळा उभारला गेला तो सिम्सचा. न्यूयॉर्कमधला तो पुतळा २०१८ साली हलवण्यात आला.

व्यायामाचा मार्ग सापडला तो पुष्कळ उशिरा, आणि त्यात नर्सबायांचा, मालीश करणाऱ्या बायांचा, एवढेच काय, एका नर्तिकेचाही वाटा होता. लंडनची मार्गारेट मॉरिस ही मुळात नृत्यशिक्षिका. तिने भौतिकोपचाराचे रीतसर शिक्षण घेतले आणि १९३६ साली बाळंतिणींसाठी व शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांसाठी व्यायामाचे पुस्तक काढले. त्यात तळाचे स्नायू आवळणे आणि सैल सोडणे आले आहे. पुढे १९४८ साली लॉस एंजेलिसच्या आर्नल्ड केगल या स्त्रीरोगतज्ज्ञाने आपला प्रसिद्ध निबंध छापला. केगलने एक साधे यंत्र केले होते. हवेने भरलेली रबरी नळी, तिला जोडलेला दाबमापक. बाईने स्नायू आवळला की काटा हलतो. आपल्या शरीरातला न दिसणारा स्नायू किती जोर करतो हे तिला डोळ्यांनी दिसे, आणि आठवड्यामागून आठवडा काटा पुढे सरकताना पाहून तिला हुरूप येई. केगल दिवसातून तीनदा, वीसवीस मिनिटे हा व्यायाम करायला सांगे. त्याच्या नावाचे व्यायाम पुढे जगभर गेले. यंत्र मात्र बहुतेकांनी वाटेतच सोडले, आणि त्याचा तोटा कसा झाला ते पुढे सांगतो.

आपल्याकडे याच सुमारास काय चालले होते? मुंबईला केवळ बायकांसाठी कामा इस्पितळ १८८६ साली सुरू झाले होते. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर झाल्या. पुरुष डॉक्टरला दाखवायचे नाही म्हणून बायका मरत, ही त्यामागची कळकळ होती. विसाव्या शतकाच्या मध्याला मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ जगात नावाजले जाऊ लागले. गोव्याच्या शिरोड्याचे डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी १९५५ साली गर्भ टिकवण्यासाठी बसवलेला टाका आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. अंग बाहेर आलेल्या तरुण स्त्रियांसाठीही त्यांनी शस्त्रक्रिया बसवली. हे काम थोर आहे आणि पुष्कळ बायकांना शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते. पण शस्त्रक्रियेला करणाराचे नाव मिळते. व्यायाम रोग्याने करायचा, शिकवणारी कुणी साधी भौतिकोपचारक. तिचे नाव कोण टाकणार?

ही भौतिकोपचारकही आपल्याकडे उशिरा आली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५३ साली भौतिकोपचाराची शाळा निघाली, देशातली पहिली. तेव्हा समोर पोलिओने अधू झालेली मुले होती, आणि ते योग्यच होते. त्यामुळे फिजिओथेरपी म्हणजे पोलिओ, मोडलेले हाड, अर्धांगवायू अशी लोकांची समजूत झाली. लघवी सुटते म्हणून फिजिओथेरपिस्टकडे जायचे असते, हे आजही आपल्या कितीतरी घरांत ठाऊक नाही.

इथे मला आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसाचे नाव घेतले पाहिजे. दापोली तालुक्यातल्या मुरूडला १८८२ साली जन्मलेले रघुनाथ धोंडो कर्वे. हे गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, या मतांपायी १९२५ साली त्यांना महाविद्यालयातली नोकरी सोडावी लागली, आणि १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. वाचकांनी शरीरासंबंधी प्रश्न विचारावेत आणि कर्व्यांनी उत्तरे द्यावीत, असा त्यात रिवाज होता. अशाच काही उत्तरांबद्दल १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. तरीही दोनशे रुपये दंड झाला. प्रश्नाला उत्तर दिल्याबद्दल दंड! मग त्या काळच्या बाईने प्रश्नच विचारला नाही तर नवल ते काय?

न विचारलेल्या प्रश्नांचा ढीग केवढा असतो हे पुढे महाराष्ट्रानेच जगाला मोजून दाखवले. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. ती १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. शंभरांतल्या ब्याण्णव स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि शंभरांतल्या केवळ आठ जणींची त्यापूर्वी कधी तशी तपासणी झाली होती. तो अभ्यास सगळ्याच स्त्रीरोगांचा होता, फक्त मूत्राशयाचा नव्हे. पण दवाखान्यात जे येते तेवढेच दुखणे, ही सरकारी समजूत त्याने कायमची मोडली.

आता उपायाचा गुण किती येतो ते ऐका. निरनिराळ्या देशांतल्या चाचण्या एकत्र करून २०१८ साली जो आढावा निघाला त्याप्रमाणे, खोकताशिंकताना लघवी सुटणाऱ्या ज्या बायकांनी हा व्यायाम शिकून केला त्यांच्यापैकी शेकडा ५६ जणींनी आपण बऱ्या झालो असे सांगितले. ज्यांनी काहीच केले नाही त्यांच्यात हे प्रमाण शेकडा ६ होते. ना औषध, ना टाका.

परंतु शिकून, हा शब्द महत्त्वाचा. १९९१ साली अमेरिकेत ४७ बायकांना हा व्यायाम नुसता तोंडी समजावून सांगण्यात आला आणि मग त्यांची तपासणी झाली. जेमतेम निम्म्या जणींना तो नीट जमला. चौथाई बायका स्नायू वर ओढण्याऐवजी खाली जोर देत होत्या, म्हणजे दुखणे वाढावे अशी कृती करत होत्या. केगलने यंत्र का केले ते आता ध्यानात येईल. आणि माझीही पंचाईत ध्यानात येईल, कारण नभोवाणीवरून तोंडी सांगण्यापलीकडे मी काय करू शकतो? म्हणून व्यायामाची कृती मी सांगत नाही. ती जाणकार भौतिकोपचारक बाईने किंवा डॉक्टरीणबाईने, तपासून शिकवायची गोष्ट आहे. एवढे मात्र सांगतो, की लघवी करताना मध्येच धार अडवून धरण्याचा 'व्यायाम' रोज करू नये. तो जुना सल्ला आता मागे पडला आहे. घाईचा त्रास असेल तर दोन लघव्यांमधले अंतर थोडे थोडे वाढवत मूत्राशयाला वळण लावण्याची निराळी रीत आहे, तीही विचारावी. लघवीत रक्त दिसले, ताप असला किंवा ती अखंड गळत असली तर मात्र व्यायामाची वाट न पाहता आधी डॉक्टर गाठावा.

आत्याला हे कुणी सांगितले असते तर ती शिमग्याचे सोंग पुरते बघू शकली असती का, हा विचार माझ्या मनातून जात नाही. तिच्या वेळी केगलचा निबंध छापून झालेला होता. तिला जिल्ह्याच्या इस्पितळापर्यंत नेऊ शकेल असा माणूसही घरात होता, माझे वडील. पण ती त्यांना, धाकट्या भावाला, काय म्हणून सांगणार होती?

गुण यायला किती दिवस लागतात, असे विचाराल. स्नायू आहे, दंडासारखाच हळूहळू भरतो. शिकवणारीच्या देखरेखीखाली, दिवसातून तीनदा, दर खेपेला निदान आठ वेळा, असे तीन महिने करून पाहावे असा आजचा प्रघात आहे. नारळी पौर्णिमेला सुरू केले तर त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत.