मृतस्मारकांवरील चिन्हे, नागपूर परिसरातील

मृताच्या दफनस्थानी किंवा त्याच्या स्मरणार्थ उभारलेल्या शिळा, स्तंभ व थडगी यांवर कोरलेल्या खुणा, आकृती आणि शिल्पपट. नागपूरच्या पश्चिमेकडील जुनापाणीपासून पूर्वेस कन्हान नदीकाठच्या मौद्यापर्यंतचा प्रदेश आणि त्याला लागून असलेला विदर्भ यांत मृतस्मारकांचे निरनिराळ्या काळांतील प्रकार आढळतात. इ. स. पू. पहिल्या सहस्रकातील शिलावर्तुळे, मध्ययुगीन वीरगळ व सतीशिळा, आदिवासींचे स्मृतिस्तंभ आणि कामठीच्या लष्करी छावणीबरोबर (१८२१) आलेली ख्रिस्ती थडगी हे त्यांतील प्रमुख होत. यांपैकी काहींवरील चिन्हे सहज उलगडतात, तर काहींचा अर्थ अद्याप हाती लागलेला नाही. हा फरक कोरीवकामाच्या स्पष्ट-अस्पष्टतेचा नाही. ज्या चिन्हामागील विधी, शब्द वा सामाजिक रूढी टिकून राहिली, तेच वाचता येते. केवळ आकृतीवरून काढलेला अर्थ बहुधा फसवा ठरतो.

यांतील सर्वांत प्राचीन चिन्हे शिलावर्तुळांवरील होत. मोठे धोंडे वर्तुळाकार मांडून त्यांच्या आत दगडगोटे व माती भरलेली ही दफने जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा व कन्हानला मिळणाऱ्या पेंच नदीवरील नाईकुंड येथे आढळली आहेत. त्यांतून काळी-तांबडी मृद्भांडी, लोखंडी शस्त्रे व अवजारे आणि घोड्याचे लगाम मिळाले. या स्थळांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले जाण्याच्या इतिहासाला एका मृत्यूचीच किनार आहे. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी व भूवैज्ञानिक स्टीफन हिस्लॉप हे मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत टाकळघाटची वर्तुळे पाहावयास गेले असता, परतीच्या वाटेवर ४ सप्टेंबर १८६३ रोजी पुराच्या पाण्यात बुडून मरण पावले. पुढे जे. एच. रिव्हेट-कार्नाक यांनी जुनापाणीचे उत्खनन करून १८७९ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. वर्तुळांतील काही धोंड्यांवर उथळ वाटीसारखे खळगे मुद्दाम कोरलेले असून ते अनेकदा ओळीने मांडलेले आहेत, याची नोंद त्यांनी घेतली आणि ब्रिटनमधील तशाच खळग्यांशी त्यांची तुलना केली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने बी. के. थापर यांनी १९६१-६२ मध्ये येथे पुन्हा उत्खनन केले. शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी व नाईकुंड येथे केलेल्या उत्खननांमुळे या लोकांची वस्ती, लोहकाम व अश्वपालन यांविषयी बरीच माहिती मिळाली; खळग्यांचे कोडे मात्र सुटले नाही.

हे खळगे मृतांची संख्या, कुलचिन्हे किंवा नैवेद्याची स्थाने असावीत, असे तर्क करता येतात. परंतु नैवेद्याचा तर्क धोंड्यांच्या उभ्या बाजूवरील खळग्यांना लागू पडत नाही, कारण तेथे काही ठेवता येत नाही. एकविसाव्या शतकात टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मयंक वाहिया व त्यांचे सहकारी यांनी खळगे असलेले धोंडे वर्तुळाच्या कोणत्या दिशेस आहेत याची मोजणी करून त्यांचा खगोलीय दिशांशी संबंध सुचविला. या विचाराचे महत्त्व असे की, त्यात आकृतीपेक्षा जागेला प्रमाण मानले आहे. तो सिद्ध झाला असे मात्र म्हणता येत नाही. या लोकांची लिपी उपलब्ध नाही व त्यांच्या अंत्यविधीची कोणतीही जिवंत परंपरा खळग्यांपर्यंत पोहोचत नाही.

याउलट वीरगळाची भाषा जवळजवळ पूर्ण उलगडली आहे. कन्नड ‘वीरगल्लु’ (वीराचा दगड) या शब्दावरून हे नाव आले. शिळेचे सामान्यतः तीन किंवा चार आडवे पट असून ते खालून वर वाचावयाचे असतात. तळाच्या पटात धारातीर्थी पडलेला वीर असतो. तेथेच गुरे कोरलेली असल्यास तो गोधनाच्या रक्षणार्थ मेला, असे समजतात. त्यावर युद्धप्रसंग, मग वीराला नेणाऱ्या अप्सरा आणि शेवटी शिवलिंगाची पूजा करणारा वीर, असा क्रम असतो. माथ्यावर कलश आणि त्याच्या बाजूंस सूर्य-चंद्र असतात. जैन वीराच्या शिळेवर लिंगाच्या जागी तीर्थंकराची मूर्ती येते. मुंबईतील बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर वल्ह्यांच्या नौका दाखविल्या असून त्यांचा संबंध सामान्यतः यादव महादेव व शिलाहार सोमेश्वर यांच्यातील इ. स. १२६५ च्या सुमाराच्या युद्धाशी जोडला जातो. वीराचे नाव मात्र महाराष्ट्रातील बहुसंख्य शिळांवर नाही. तो कसा मेला हे कळते, कोण होता हे कळत नाही.

सतीशिळेवर तर व्यक्ती जवळपास नाहीशीच झालेली दिसते. तिचे प्रमुख चिन्ह म्हणजे कोपरात वाकवून वर केलेला उजवा हात. मनगटावर चुडा असतो, क्वचित बोटांत लिंबू धरलेले असते. न फुटलेला चुडा म्हणजे अखंड सौभाग्य. पतीच्या मागे न राहिल्याने ती विधवा झाली नाही, असा त्याचा आशय. अभय देणारा देवतेचा हात म्हणून पुढे त्याची पूजा होऊ लागली. हा अर्थ समाजाने दिलेला आहे, जळालेल्या स्त्रीचा नव्हे. तिची इच्छा, वय वा नाव यांपैकी काहीही त्या हातावरून कळत नाही. सतीशिळांच्या वर्णनात ‘आत्मसमर्पण’ हा शब्द सरसकट वापरला जातो, तो या दृष्टीने पुराव्याला सोडून आहे.

सूर्य-चंद्राच्या जोडीवरून पुष्कळदा चुकीचे निष्कर्ष काढले गेले आहेत. ती मृत्यूचे किंवा एखाद्या सूर्यवंशी वा चंद्रवंशी कुळाचे चिन्ह नव्हे. शिलाहार व यादव काळांतील दानशिळांवर आणि गद्धेगाळांवरही ती असते. दान ‘आचंद्रार्क’ म्हणजे चंद्रसूर्य असेपर्यंत चालावे, या दानलेखांतील शब्दप्रयोगाचेच ते चित्ररूप होय. वीरगळावर तोच काळ कीर्तीला लागू केला आहे. शब्द आणि चिन्ह शेजारी सापडल्यामुळे येथे शंकेला जागा उरत नाही.

मेळघाटातील कोरकूंच्या सागवानी स्मृतिस्तंभांवरही सूर्य, चंद्र व हाती तलवार घेतलेला घोडेस्वार कोरतात. ‘सिडोली’ या विधीत मृताचा आत्मा पूर्वजांत सामील करून घेतात, त्या प्रसंगी हा स्तंभ उभारला जातो. रसेल व हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातिजमातींविषयीच्या ग्रंथात (१९१६) त्याचे वर्णन आहे. वीरगळावरील स्वार बहुधा खरोखरच घोडदळातील असे. कोरकू मात्र शेती व वनोपज यांवर जगणारे, त्यामुळे त्यांच्या स्तंभावरील घोडा व्यवसाय सांगत नसून मृताचा मान दर्शवितो. आकृती एकच, पण विधी निराळा म्हणून अर्थ निराळा. भामरागड भागातील माडिया मृतांसाठी अनघड शिळा उभ्या करतात. त्यांवर चिन्ह नसले, तरी गावातील माणसाला कोणता दगड कोणाचा हे ठाऊक असते.

ब्रिटिश काळातील दफनभूमींतील चिन्हे ग्रंथांवरूनच कळतात : नांगर म्हणजे आशा, मोडका स्तंभ म्हणजे अकाली तुटलेले आयुष्य, वस्त्राने झाकलेला कलश म्हणजे शोक. मोगल धाटणीच्या मुस्लिम थडग्यांत पुरुषाच्या थडग्यावर कलमदान व स्त्रीच्या थडग्यावर पाटी दाखविण्याचा संकेत आहे.

वीरगळ व सतीशिळा अनेक गावांत शेंदूर फासून मारुतीच्या पारावर ठेवलेल्या किंवा पायऱ्यांत बसविलेल्या आढळतात. त्यामुळे शिल्प झिजते, परंतु पट शिल्लक असेतोवर अर्थ लावता येतो. शिलावर्तुळांचे तसे नाही. नागपूर जिल्ह्यातील अनेक वर्तुळस्थळे केंद्रीय संरक्षित स्मारकांच्या यादीत असली, तरी शेती, रस्ते व खडी यांसाठी पुष्कळ धोंडे हलविले गेले. खळग्यांचा अर्थ दिशेत असेल, तर जागेवरून सरकलेला धोंडा शाबूत असूनही पुरावा म्हणून निरुपयोगी होतो. म्हणून प्रत्येक धोंड्याची जागा, दिशा व खळग्यांची संख्या तो हलण्यापूर्वी नकाशावर नोंदविणे अगत्याचे आहे.