पट्ट्याचे दुसरे टोक

आमच्या शेजारी एक वकील राहतात. त्यांच्याकडे सुलतान नावाचा अल्सेशियन कुत्रा आहे. गेल्या थंडीत जिल्ह्याच्या गावी श्वानप्रदर्शन भरायचे ठरले आणि नेमके त्याच आठवड्यात वकीलसाहेबांचे गुडघे धरले. तेव्हा ते मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही एका वर्गात साठ पोरे आवरता. एक कुत्रा आवरायला तुम्हांला काय जड आहे?" स्तुती ऐकली की माणसाची अक्कल गहाण पडते. मी हो म्हणून बसलो.

कुत्र्याचा पट्टा धरून धावणे ही एक स्वतंत्र विद्या आहे, हे मला रिंगणात उतरल्यावर कळले. परीक्षक मध्यभागी उभा असतो. कुत्रा नेहमी त्याच्या आणि आपल्या मध्ये ठेवायचा, म्हणजे त्याला कुत्र्याची चाल दिसते. मी सुलतानला नेमके बाहेरच्या अंगाला घेतले. दोन फेऱ्या झाल्या. परीक्षकाला चाल दिसली ती माझीच! मग कुत्र्याला ताठ उभे करायचे आणि परीक्षक त्याचे दात तपासतो. सुलतान जावयासारखा ऐटीत उभा राहिला. घाम मात्र मला फुटला. तो पुसायला म्हणून मी रुमाल काढला, आणि त्याच खिशात वकीलीणबाईंनी आमिष म्हणून दिलेले उकडलेल्या कलेजीचे तुकडे रुमालाबरोबर बाहेर सांडले. पुढच्याच क्षणी रांगेतले चारही अल्सेशियन आपापल्या मालकांना ओढीत माझ्या पायांशी जमा झाले. जागचा हलला नाही तो फक्त सुलतान. परीक्षक शांतपणे म्हणाले, "कुत्रा उत्तम शिकलेला आहे. धरणारा अजून कच्चा आहे."

वीस वर्षे दुसऱ्यांच्या प्रगतिपुस्तकावर मी 'कच्चा' असा शेरा लिहीत आलो. तो माझ्या वाट्याला प्रथमच आला. तेव्हा ही परीक्षा मुळात काढली कोणी, याचा छडा लावायचा असे मी ठरवले.

तिचे मूळ सापडले विलायतेत. तेथे पूर्वी बैलावर कुत्रे सोडून झुंज पाहण्याचा शौक होता. 'बुलडॉग' हे नावच त्या झुंजीवरून पडलेले. १८३५ साली कायद्याने ती झुंज बंद केली. कुत्र्यांचा धंदा गेला, पण मालकांची हौस थोडीच जाते! आता आपला कुत्रा दुसऱ्याच्या कुत्र्याहून रूपाने सरस कसा, हे लोक दारूच्या गुत्त्यांतून एकमेकांना दाखवू लागले.

पहिले रीतसर प्रदर्शन भरले ते २८ आणि २९ जून १८५९ रोजी, न्यूकॅसल या गावी. पॉइंटर आणि सेटर या दोनच शिकारी जातींची मिळून साठ कुत्री आली होती. बक्षीस होते बंदुकीचे. आता निकाल ऐका. पॉइंटरांत पहिला आला तो सेटर तपासणाऱ्या एका परीक्षकाचा कुत्रा, आणि सेटरांत पहिला आला तो पॉइंटर तपासणाऱ्या परीक्षकाचा! कुत्री गुणाचीच असतील, मी संशय घेत नाही. पण दोन मास्तरांनी एकमेकांच्या मुलांचे पेपर तपासले आणि दोघेही पहिले आले, तर गावात काय बोलतील, हे मला चांगले ठाऊक आहे.

असा घोळ वाढत चालला म्हणून १८७३ साली लंडनला केनेल क्लब निघाला. नियम झाले, वंशावळीची वही झाली. एकाच नावाची इतकी कुत्री निघाली की, १८८० मध्ये प्रत्येकाची स्वतंत्र नावाने नोंद करण्याची पद्धत सुरू करावी लागली. ज्याच्या वर्गात एका वेळी चार गणेश बसतात, त्याला त्या कारकुनाचे दुःख सांगायला नको.

मग आला चार्ल्स क्रफ्ट. हा गृहस्थ कुत्र्यांची बिस्किटे विकणाऱ्या स्प्रॅट नावाच्या कंपनीत नोकरीला होता. १८९१ साली त्याने लंडनमध्ये स्वतःच्या नावाचे प्रदर्शन भरवले आणि सुमारे दोन हजार कुत्री जमवली. खुद्द व्हिक्टोरिया राणीने आपली कुत्री पाठवली आणि त्यांना बक्षिसेही मिळाली. राणीच्या कुत्र्याला नापास करण्याची छाती कोणाची होती? क्रफ्टच्या स्वतःच्या घरी मात्र मांजर होते, असे त्याच्याविषयी सांगतात. हलवायाने स्वतः मिठाई खाऊ नये, हे शहाणपण त्याला साधले असावे.

इथवर मी हसत हसत वाचत आलो. पुढे हसू जरा ओसरले. रूपाची परीक्षा सुरू झाल्यावर रूपच वाढवत नेले गेले. बुलडॉगचे नाक बसके हवे म्हणून ते पिढ्यान् पिढ्या इतके बसवले की, त्या बिचाऱ्याला श्वास घेताना घरघर लागते. त्याची पिले पुष्कळदा आईचे पोट फाडूनच काढावी लागतात. २००८ साली बीबीसीने यावर एक बोलपट दाखवला, तेव्हा मोठी खळबळ उडाली. पुढे २०१२ मध्ये क्रफ्टच्याच प्रदर्शनात काही जातींच्या विजेत्यांची पशुवैद्याकडून तपासणी झाली आणि सहा जातींचे पहिले आलेले कुत्रे त्यात नापास ठरले. त्यांत बुलडॉगही होता. परीक्षकाने पहिला काढलेला विद्यार्थी डॉक्टरने आजारी म्हणून घरी पाठवावा, अशी गत! गुणपत्रिकेसाठी पोराचे नाक कोणी चेपले, हे मात्र त्या कुत्र्याला कोण विचारणार? आणि आम्ही मास्तर आणि आईबाप मिळून दुसरे काय करतो, हा प्रश्न मनात आला, तो मी पुढे ढकलला.

सुदैवाने सगळीच कुत्री आपल्या हौसेपुढे मान तुकवीत नाहीत. २०१७ साली त्याच प्रदर्शनात ऑली नावाचा एक जॅक रसेल अडथळ्यांच्या शर्यतीत उतरला. एका उडीला नाकावर आपटला, उठला, आणि ठरलेली वाट सोडून मैदानभर उधळला. हजारो माणसे पोट धरधरून हसली. २०२० साली तर सर्वांत श्रेष्ठ ठरलेल्या मेझी नावाच्या डॅक्सहुंड कुत्रीने विजयाच्या फेरीतच भर मैदानात प्रातर्विधी उरकला. सन्मानाची जागा कोणती आणि विधीची कोणती, हा भेद माणसाचा. तिने तो मानला नाही, एवढेच.

आपल्याकडेही कुत्र्यामागे धावलेला एक थोर पुरुष होऊन गेला. कुत्र्याने कोरडी पोळी पळवली तेव्हा ती कोरडी कशी खाईल म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. त्यांनी त्याची जात विचारली नाही, दातही मोजले नाहीत. मी कलेजी घेऊन धावलो तो बक्षिसासाठी. दोन धावण्यांत फरक आहे तो एवढाच.

परत येताना टेम्पोत सुलतानने माझ्या मांडीवर डोके टेकले आणि तो घोरू लागला. निकाल त्याच्या गावीही नव्हता. मी त्याच्या गळ्यातला पट्टा सोडला. पट्ट्याचे दुसरे टोक मात्र बराच वेळ माझ्या हातात तसेच राहिले होते.