मोफत, मुक्त आणि मोकळे

अमेरिकेतल्या एमआयटीचे अभ्यासक्रम इंटरनेटवर फुकट आहेत म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: सर्टिफिकेट मिळतं का? नाही मिळत. मात्र इथे ‘फुकट’ हा शब्द योग्य आहे का, हे कुणी विचारत नाही.

फुकटला पैशाची बाजू आहे आणि वाया जाण्याचीही. ‘सगळी मेहनत फुकट गेली’ हा त्याचाच दुसरा अवतार. सरकारी जाहिरातीत तो शोभत नाही, तिथे ‘मोफत’ लागतो. मोफत हा फारसी ‘मुफ्त’. वक्तचा वखत केला तसंच इथेही जोडाक्षर फोडून आपण तो जिभेला सोपा केला. दोन्ही शब्द बघतात ते घेणाऱ्याच्या खिशाकडे.

‘मुक्त’चं तसं नाही. मुच् म्हणजे सोडणे. मुक्त म्हणजे सोडलेले. म्हणजे सोडणारा कुणीतरी आलाच. एमआयटीत तो होता. इंटरनेटवरून शिकवण्याचं काय करावं, याचा विचार करायला तिथे प्राध्यापकांची समिती बसली आणि तिने सांगितलं, साहित्य सरळ देऊन टाका. एप्रिल २००१ मध्ये घोषणा झाली, पुढच्या वर्षी पहिले ५० अभ्यासक्रम आले. गिल्बर्ट स्ट्रँग यांचा रेषीय बीजगणिताचा १८.०६ क्रमांकाचा अभ्यासक्रम उघडून बघा: फळ्यावर खडूने शिकवलेले तास, प्रश्नसंच, उत्तरं, जुन्या परीक्षांचे पेपर. सोबतचा परवाना सांगतो: नक्कल करा, भाषांतर करा, बदला, श्रेय द्या, धंदा करू नका आणि तुमचं बदललेलं रूपही याच अटींवर सोडा.

आपल्याकडे ‘मुक्त’ शब्द रुळवला तो १९८९ मध्ये नाशकात स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने. तिथे सैल झाल्या त्या प्रवेशाच्या अटी. फी भरावीच लागते. बोलताना लोक ‘ओपनमधून बीए केलं’ म्हणतात. पण प्रवेशाच्या रांगेत ‘ओपन’ म्हणजे खुला प्रवर्ग, आणि त्यातल्या मुलाला काहीच खुलं वाटत नसतं! आयआयटींच्या ‘एनपीटीईएल’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या उपक्रमात व्हिडिओ मोफत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला मात्र शुल्क.

युनेस्कोच्या २००२ मधल्या परिषदेत अशा साहित्याला जे इंग्रजी नाव मिळालं, त्याचं मराठीत ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ झालं. ‘साधने’ असताना ‘संसाधने’ कशाला, हे हिंदीलाच माहीत. मला ‘मोकळे’ जवळचा वाटतो. तोही मुच्‌च्याच कुळातला, प्राकृतातल्या ‘मुक्कल’मधून आलेला. मोकळ्या भाताचं शीत न् शीत सुटं असतं, तसं या साहित्यातलं हवं तेवढंच उचलता येतं. स्ट्रँग यांचा एखादा प्रश्नसंच मराठीत आणून वर्गात वाटायचा असेल, तर एमआयटीला पत्र लिहायचीही गरज नाही.