तरोटा, कुर्डू आणि बहात्तरचा दुष्काळ

आजचा विषय आहे पालेभाजी. थांबा, लगेच स्किप करू नका. हा डाएटचा नाही, इतिहासाचा एपिसोड आहे.

1876-78 चा दुष्काळ. मुंबई इलाखा, निजामाचं राज्य, म्हैसूर, मद्रास, सगळीकडे पिकं गेली. लोक रानातला पाला खाऊन जगू लागले. पुढे 1886 साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा वनस्पतींवरचा खंड निघाला. त्यात मूळचे गोव्याचे डॉ. लिस्बोआ यांनी दुष्काळात खाल्लेल्या रानवनस्पतींची नोंद केली. गावातल्या बायांना पाठ असलेलं ज्ञान सरकारी कागदावर आलं, पण 'दुष्काळी खाणं' हा शिक्का घेऊन.

मग आला 1972. आपल्या मराठवाड्यात दुष्काळी कामांवर खडी फोडायची आणि अमेरिकेतून आलेली लाल मिलो, सुकडी खायची. आमची आजीही त्या कामांवर होती. ती सांगते, पाऊस पडला की सगळ्यात आधी तरोटा, कुर्डू, तांदुळजा उगवायचा. धान्य हाती यायला तीन महिने, पाला मात्र पंधरा दिवसांत! घरात चार पैसे आले आणि हीच भाजी बंद झाली. पाहुण्यांसमोर तर तरोट्याचं नावच काढायचं नाही.

आता जरा डेटा बघू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017 चे तक्ते सांगतात की 100 ग्रॅम पालकात कॅल्शियम साधारण 80 मिलिग्रॅम, हिरव्या माठाच्या पानांत 330 च्या आसपास. लोह पालकात सुमारे 3 मिलिग्रॅम, माठात साडेचारच्या वर. आणि तांदुळजा हा माठाचाच भाऊबंद!

अर्थात तक्त्यातलं सगळं अंगी लागत नाही. पानांतलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. लोहासाठी मात्र सोपा उपाय आहे, ताटात लिंबाची फोड ठेवा.

म्हणजे आपण लाजून सोडलं ते हलकं खाणं नव्हतंच. हलकी होती ती वेळ. आज तणनाशकाच्या फवाऱ्यात 'तण' म्हणून हेच जळतंय, आणि ते ओळखणारी पिढी ऐंशीच्या घरात आहे.

म्हणून या पावसाळ्यात एक काम करा. आजीला शेतात न्या, मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि विचारा, "यातलं खायचं कोणतं?" पान नक्की ओळखल्याशिवाय तोंडात मात्र घालू नका.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!