खतापासून संगणकापर्यंत : भीमथडीतील पतव्यवहार

पुणे–सोलापूर मार्गावरील वरवंड हे जुन्या भीमथडीच्या मुलखातील गाव. त्याच मुलखातील सुपे येथे 12 मे 1875 रोजी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. तो पुढे शिरूरकडेही पसरला. उठावाचा रोख प्रामुख्याने कर्जखतांवर होता. खत सावकाराच्या घरी, त्यातील मजकूर कुळास अगम्य आणि त्याखाली निशाणी मात्र कुळाची, अशी ती स्थिती होती. 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने खतांच्या नोंदणीची व्यवस्था केली. शिवाय पावती, वार्षिक हिशेब व खातेपुस्तक मागण्याचा हक्क कुळास दिला. 1904 च्या कायद्यानंतर सहकारी पतसंस्था निघाल्या. वही संस्थेच्या कचेरीत आली आणि गावचे पुढारीपणही हळूहळू तिच्यामागून गेले.

2010 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथून ‘आधार’चा आरंभ झाला, 2016 मध्ये ‘यूपीआय’ आले. आता वही दूरच्या संगणकात आहे आणि अंगठा यंत्रावर उमटतो. ही वही जाळता येत नाही. परंतु ती खातेदारास वाचता येते काय, आणि तीतील चूक त्याने कोणापुढे मांडावी, हे प्रश्न 1875 चेच होत. म्हणूनच समजेल अशा मराठीत हिशेब मिळणे ही केवळ सोय नसून 1879 मध्ये मान्य झालेल्या हक्काचीच पुढची पायरी ठरते.